फुलीवाले मामा

बारावीच्या रसायनशास्त्रातला सहावा धडा वेगाचा. तो शिकवतात सर, त्यातली गणितं घोकतात मुलं, त्याच्या क्लृप्त्या विकतात क्लासवाले. पण त्या वेगाकडे वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेला माणूस कॉलेजात एकच असतो, आणि पगारपत्रकावर त्याचा हुद्दा असतो ‘प्रयोगशाळा परिचर’. मुलं त्याला मामा म्हणतात. सर मामा म्हणतात. प्राचार्यही मामाच म्हणतात, आणि बोर्डाकडून आलेला एक्स्टर्नल पहिला चहा संपायच्या आत मामा म्हणायला लागतो.

ज्युनिअर कॉलेजांच्या लॅबमध्ये माझी बरीच उठबस झाली. मामा सगळीकडे थोड्याफार फरकानं एकच. इथे सांगतोय ते कोल्हापूरच्या बाजूचे. घरी दीड एकर ऊस, वडील गुळव्या, स्वतः दहावीपर्यंत शिकलेले आणि पुढची सगळी वर्षं अकरावी-बारावीच्याच वर्गाला चिकटून राहिलेले.

मामांची नखं नायट्रिक ॲसिडनं पिवळी आणि पेरं सिल्व्हर नायट्रेटनं काळी. भावकीतल्या हळदीला गेले की ‘तुम्हांला आधीच कुणी लावली?’ असं बायका विचारतात. शर्टाला पोटाशी बारीक भोकं. ही सल्फ्युरिकची. जूनमध्ये नवी बॅच आली की मामा ती बोटानं दाखवून सांगतात, “शिंतोडा उडतो तवा काय बी हुत न्हाई बघ. शर्ट जसाच्या तसा. घरी जातोस, आई धुती, दोरीवर घालती आणि मग भोक. मग आई इचारती, ल्येका, कालेजात करतोस तरी काय?” हळू चालणाऱ्या अभिक्रियेचं इतकं खणखणीत उदाहरण पुस्तकात नाही. पुस्तकात नुसतं लोखंड गंजतं.

वेगाच्या धड्याचा हा मालक स्वतः मात्र कधी घाईत नसतो. पोरगं पळत आलं, “मामा, लवकर ब्युरेट द्या!” की मामा आधी चष्मा पुसतात. मग किल्ली शोधतात, जी त्यांच्या हातातच असते. ब्युरेट मिळेपर्यंत पोरगं शांत झालेलं असतं. “हात कापतोय तवर ब्युरेट द्यायची न्हाई,” हा त्यांचा नियम, आणि फुटलेल्या ब्युरेटींच्या रजिस्टरकडे पाहिलं तर तो फार सोयीचा आहे.

बारावीचा गतिकीचा प्रयोग म्हणजे फुलीचा. कागदावर काळी फुली मारायची, तिच्यावर चंबू ठेवायचा. त्यात सोडियम थायोसल्फेटचं ०.१ मोलर द्रावण, एकदा १० मिली, मग २०, मग ३०, असं ५० पर्यंत. प्रत्येक वेळी पाणी घालून एकूण ५० भरायचे. वरून १० मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि घड्याळ चालू. नितळ पाणी हळूहळू दुधी होतं, गंधक सुटायला लागतो, नाकाला सल्फर डायऑक्साइडची झिणझिणी येते आणि वरून बघता बघता खालची फुली दिसेनाशी होते. घड्याळ बंद.

ही फुली मामांची. मुलांना ते फुली मारू देत नाहीत. पट्टी लावून, एकाच पेननं, सगळ्या टेबलांसाठी एकाच जाडीच्या फुल्या ते जूनमध्येच काढून ठेवतात. “बारीक फुली लौकर जाती. मग तुमचा येग वाढला काय?” चंबूही बदलू देत नाहीत, कारण रुंद बुडाच्या चंबूत पाण्याची उंची कमी, म्हणजे फुली जास्त वेळ दिसणार. सरांनी फळ्यावर ‘बाकी सर्व घटक स्थिर ठेवून’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीसाठी मामांचे दोन दिवस जातात.

खरी मजा पुढे. एका टेबलावर चार पोरं. एक म्हणतो गेली. दुसरी म्हणते, अजून दिसतेय. तिसऱ्यानं मोबाइलचा टॉर्च मारलेला, त्याला फुली जन्मभर दिसणार. चौथा खिडकीतून क्रिकेट बघतोय आणि रीडिंग तोच लिहितोय. ३८ सेकंद की ५२, यावर भांडण जुंपतं. मामा येतात, वाकून बघतात, म्हणतात, “कुठल्या तरी एकाच डोळ्यानं पाची रीडिंगं घ्या. डोळा खोटा आसला तरी चालतंय, पण तोच पायजे.” प्रयोगातली पद्धतशीर चूक आणि यादृच्छिक चूक यांच्यावर एम.एस्सी.ला आख्खं प्रकरण असतं. मामांनी ते एवढ्यात आटपलं.

आणखी एक गोष्ट ते दर बॅचला सांगतात, ती पोरांच्या डोक्यात शिरत नाही. फुली गेली म्हणजे रिॲक्शन संपली असं प्रत्येकाला वाटतं. एकानं तर चंबू मोरीत ओतलाही. मामा ओरडले, “आरं, ती आजून चालू हाय! फुली झाकायला लागतो तेवढा गंधक झाला, एवढंच कळलं तुला.” बरोबर आहे. प्रत्येक वेळी गंधक साधारण तेवढाच, फक्त तो व्हायला लागणारा वेळ वेगळा. म्हणून वेळेचा व्यस्त घेतला की वेगाचं माप मिळतं. आलेखात थायोसल्फेट आडव्या अक्षावर, एक भागिले वेळ उभ्या अक्षावर. सरळ रेषा आली तर अभिक्रिया थायोसल्फेटच्या बाबतीत प्रथम कोटीची.

आणि रेषा येते. दर वर्षी, प्रत्येक जर्नलमध्ये, पट्टीनं मारल्यासारखी येते. कारण ती पट्टीनंच मारलेली असते. आधी रेषा, मग तिच्यावर पाच टिंबं, मग टिंबांवरून वेळ, मग वेळ निरीक्षणाच्या तक्त्यात. या उलट्या प्रवासात मुलं इतकी तरबेज असतात की सरळ गणित त्याहून सोपं पडलं असतं. ज्यांना एवढीही मेहनत नको ते आधीच्या बॅचमधल्या कुणाचं तरी जर्नल आणतात.

इथे मामांचा दरारा सुरू होतो. एकदा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, पंखा डोक्यावर नुसताच कुरकुरत असताना, एका मुलानं जर्नल सहीला ठेवलं. सर फोनवर होते. मामांनी पान उलटलं, तक्त्यावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, “ही वही कुणाची?”

“माझीच की मामा.”

“वही तुजी. रीडिंग कुणाचं? हे डिसेंबरातलं हाय.”

मुलगा पांढरा पडला. रीडिंग खरोखरच गेल्या वर्षीच्या एका मुलीच्या जर्नलातलं होतं आणि तिची बॅच डिसेंबरातल्या सकाळची. मामांच्या अंगात येतं अशी अफवा तेव्हा उठली. आलं काहीच नव्हतं. डिसेंबरात सकाळी लॅबमधला पारा २० च्या आसपास, ऑक्टोबरात दुपारी ३२. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट धरला तर बारा अंशांना सव्वादोन पटीच्या वर जातो. थंडीत ज्या चंबूतली फुली जायला नव्वद सेकंद लागतात, तिला ऑक्टोबरात चाळीसही लागत नाहीत. पोरानं ‘तापमान ३२’ असं नवं लिहिलं होतं आणि खाली वेळ जुनीच ठेवली होती. मामांनी दोन्ही महिन्यांतल्या फुल्या इतक्या वेळा पाहिल्यात की त्यांना आकडा वाचूनच गार वाटतं.

तेव्हापासून हुशार मुलं कॉपी करतानाही तापमानाचा हिशेब करून वेळ बदलतात. त्यासाठी त्यांना अऱ्हेनियसचं समीकरण नीट शिकावं लागतं. या मार्गानं आमच्या कॉलेजात त्या धड्याचा निकाल सुधारला, असं माझं मत आहे. विभागाच्या अहवालात त्याचं श्रेय ‘स्मार्ट बोर्ड’ला दिलेलं आहे.

अऱ्हेनियस हा सरांचा लाडका. स्वीडनचा. १८८४ साली उप्साला विद्यापीठानं त्याच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली आणि १९०३ साली त्याला नोबेल मिळालं, हे सर चाचणी परीक्षेचे पेपर वाटायच्या आधी न चुकता सांगतात. पोरं ते ऐकून लगेच उप्सालाच्या बाजूची होतात. १८८९ साली त्यानं तापमान आणि वेग यांचं नातं मांडलं. २५ अंशांवरून ३५ वर नेल्यावर वेग दुप्पट झाला तर सक्रियण ऊर्जा मोलला ५३ किलोज्यूलच्या जवळ येते, हे गणित लॉगटेबलावर करताना निम्मा वर्ग ०.३०१० पाशी गळतो. सक्रियण ऊर्जा समजावताना सर आंबा घाट सांगतात: कोकणात उतरायचं असलं तरी आधी घाटमाथा चढावाच लागतो. एकदा मामा मागं टेस्टट्यूबचे रॅक लावत होते, ते म्हणाले, “मग सर, बोगदा काढला की क्याटॅलिस्ट का?” सर क्षणभर थांबले. पुढच्या तासापासून बोगदा सरांचा झाला. आता तो त्यांच्या नोट्समध्ये आहे, चौकटीत.

आमच्याकडे ज्युनिअर आणि सिनिअरची लॅब एकच. त्यामुळे बी.एस्सी.चा एस्टरचा प्रयोगही मामांच्याच ताब्यात. मिथाइल ॲसिटेट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घालायचं, दर दहा मिनिटांनी ५ मिली काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं म्हणजे अभिक्रिया जागच्या जागी थबकते, आणि सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेशन करायचं. शेवटी एक रीडिंग लागतं ते अभिक्रिया पूर्ण संपल्यावरचं. त्याला ‘इन्फिनिटी रीडिंग’ म्हणतात. शास्त्राप्रमाणे ती कधीच पूर्ण संपत नाही. प्रथम कोटीत निम्मं संपायला जेवढा वेळ, त्याच्या दहापट वेळानंही हजारातला एक भाग उरतोच. म्हणून उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावं, नाहीतर बूच लावून गरम पाण्यात शेकावं.

मामांच्या लॅबला कुलूप लागतं पाचला. म्हणून आमच्या विद्यापीठाच्या कक्षेत इन्फिनिटी साडेचारला येते. सव्वाचारला मामा वॉटर बाथपाशी जातात, बाटली हलवतात, बुचाशी नाक नेतात आणि घोषणा करतात, “झाली इन्फिनिटी. घ्या रीडिंग.” घाईघाईत कधी ते मधल्या रीडिंगपेक्षा कमी येतं. मग वजाबाकी ऋण होते आणि लॉगटेबलमध्ये ऋण संख्येचं पान नसतं. पोरगी रडकुंडीला येऊन टेबल उलटंपालटं करते. मामा म्हणतात, “मागचं टेबल इचार. त्येंची इन्फिनिटी जरा मोठी आलीया.”

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मामांचा भाव वधारतो. सॉल्ट ओळखायचं असतं आणि सॉल्टच्या पुड्या मामांनी भरलेल्या असतात. वर्षभर ज्यानं मामांना नमस्कार केला नाही तोही त्या दिवशी वाकतो. मामा तोंडातून शब्द काढत नाहीत. फक्त पोरगं ज्वाला परीक्षणाला निघालं की कधी खोकतात, कधी खोकत नाहीत. त्या खोकल्याची बाराखडी दर पिढीनं नव्यानं मांडली आहे आणि दर वर्षी ती चुकलेली आहे. मामांना खरंच खोकला असतो.

पण गतिकीच्या धड्यात मामांना स्वतःला रस आला तो साखरेमुळे. सर एकदा इतिहास सांगत होते. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं साखरेचं पाणी आम्लात घालून ठेवलं आणि त्यातून ध्रुवित प्रकाश सोडून तो किती वळतो ते वेळोवेळी मोजत बसला. साखर तो प्रकाश उजवीकडे वळवते. आम्लात तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ते मिश्रण डावीकडे वळवतं. प्रकाश उजवीकडून डावीकडे किती सरकला यावरून किती साखर मोडली ते कळतं. दर क्षणाला मोडणारी साखर त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असते, हे त्यानं गणितात मांडलं. अभिक्रियेचा वेग आकड्यांत पकडायची सुरुवात ती. पुढे दशकानुदशकं त्याच्याकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मामा रॅक खाली ठेवून बेंचवर बसले. सर तास घेत असताना ते बसलेले कुणी पाहिले नव्हते.

कारण त्या आठवड्यात त्यांचा ऊस तुटून ट्रॉलीत पडला होता आणि ट्रॉली कारखान्याच्या रांगेत उभी होती. टोळी आली तेव्हा चिठ्ठी नव्हती, चिठ्ठी आली तेव्हा ट्रॅक्टर नव्हता, आणि सगळं जमलं तेव्हा वजनकाट्यापर्यंत दीड मैल वाहनं. तुटलेल्या उसातली साखर गव्हाणीची वाट बघत बसत नाही. उसातलंच एक विकर, बाहेरून शिरलेले जंतू आणि रसाचा आंबटपणा मिळून तिची मोडतोड सुरू करतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजचे खडे पडत नाहीत, ते मळीत जातं. ऊन असेल तर वेग वाढतो, वजनही वाळतं. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असं शेतकरी मेळाव्यात सांगतात, आणि सांगणारा पाहुणा मग रांगेतल्या ट्रॉल्यांना वळसा घालून घरी जातो.

“म्हंजे सर,” मामा म्हणाले, “हे अठराशे पन्नासलाच ठाऊक हुतं?”

“हो.”

“मग कारखान्याला कुणी कळीवलं न्हाई?”

वर्ग हसला. सरांनी मात्र गंभीरपणे सांगितलं की नुसतं ठाऊक नव्हतं, पुढेही सगळे साखरेच्याच मागे होते. अऱ्हेनियसचा १८८९ चा तो प्रसिद्ध निबंधही आम्लानं साखर मोडण्याच्या वेगावरच. १९१३ साली बर्लिनमध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं समीकरण मांडलं, तेही साखर मोडणाऱ्या विकरावरच काम करून. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच निष्कर्ष काढला. युरोपातली इतकी मोठी माणसं साठ-सत्तर वर्षं साखर वाया घालवत बसली आणि त्यातल्या एकाला नोबेलही मिळालं. मामांच्या गावात हेच करणाऱ्याला संचालक म्हणतात.

नंतर टेबल पुसता पुसता त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. गुळव्याचं सगळं कसब चुन्यात. रस आंबट असतो आणि तो तसाच तापवला तर साखर मोडते, गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही. म्हणून चुन्याची निवळी घालायची. जास्त पडली तर गूळ काळपट, आणि बाजारात काळ्या गुळाला कोण विचारतं? वडिलांकडे पीएच मोजायला काही नव्हतं. रसाचा रंग आणि फेस बघून ते हात आखडता घ्यायचे. मामा हे सांगताना बोटं अशी चिमटीत धरत होते की वाटलं, आमच्या लॅबमधले इंडिकेटरचे ‘दोन थेंब’ त्याच चिमटीतून आलेत. फिनॉल्फ्थॅलीनचा तिसरा थेंब मामांनी कुणाला घालू दिलेला नाही.

निरोप समारंभात दर वर्षी बारावीतलं कुणीतरी भाषण करतं: “मामा म्हणजे आमच्या आयुष्यातले उत्प्रेरक!” टाळ्या पडतात. उपमा इतकी आयती आहे की ती कुणीतरी केल्याशिवाय पेढे वाटलेच जात नाहीत. एका वर्षी मामांना दोन शब्द बोलायला लावलं. ते उठले आणि म्हणाले, “सरांनी शिकवलंय, क्याटॅलिस्ट शेवटी हुता तसाच ऱ्हातो. माझं नाक बघा. किपच्या हायड्रोजन सल्फाइडनं कवाच गेलं. आता नासलेलं अंडं आणि आंबेमोहर मला सारकंच.” आणि बसले. त्यांच्या बोलण्यात नवा शोध नव्हता, पण व्याख्या चोख होती. त्या वर्षी वार्षिक अंकात हे भाषण छापलं गेलं नाही.

मग इन्फिनिटी ते बुचाशी नाक नेऊन कशी ओळखतात, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. घड्याळाकडे बघून, असं उत्तर आलं असतं.

परवा कॉलेजात व्हर्च्युअल लॅब आली. पडद्यावर चंबू, पडद्यावर फुली. तापमानाची एक खूण सरकवायची, बटण दाबलं की चंबू दुधी होतो आणि वेळ आपोआप तक्त्यात. सरांनी मुद्दाम मामांना बोलावलं. आम्हांला वाटलं, मामा खट्टू होणार. मामांनी चष्मा पुसला, खूण २० वर नेली, वेळ बघितली. मग ३२ वर नेली, वेळ बघितली. मान डोलावली. “बरोबर हाय. डिसेंबर आणि आक्टोबर.”

“आवडलं?”

“चंबू घासायचं कुणी?”

“काही घासायचं नाही मामा.”

वापरलेल्या चंबूला आतून गंधकाचा थर चिकटतो, आणि तो नायट्रिकनं काढताना मामांची नखं पिवळी होतात. त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. “झ्याक हाय,” ते म्हणाले. “आजपास्नं समद्या बॅचा ह्येच्यावरच घ्या.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चिठ्ठी मिळाली होती, टोळी बांधावर उभी होती. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सरांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. मामांना मी त्या दिवशी पहिल्यांदा भरभर चालताना पाहिलं.

“मामा!” सर मागून ओरडले, “बी.एस्सी.चं इन्फिनिटी रीडिंग राहिलंय हो!”

“ऱ्हाऊ दे की,” जिन्यातून आवाज आला, “इन्फिनिटीच हाय. उद्या घ्या.”